हणजूण-वागातोरची सोशल हॉस्टेलं: बेड, कुलूप, एसी आणि पहाटेचे तीन

सोशल हॉस्टेलवाले बिल बेडचं फाडतात, पण विकतात ती सोबत. एवढं डोक्यात पक्कं असलं की हणजूण-वागातोर-आसगाव या पट्ट्यातलं हॉस्टेल निवडणं सोपं जातं आणि नंतरची निम्मी चिडचिड वाचते. एकट्याने गोव्याला निघालेल्या माणसासाठी हा सौदा चांगला आहे. तिघा मित्रांसाठी नाही. हिशोब करून बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सीझनमध्ये एसी डॉर्ममधला, म्हणजे अनोळखी माणसांबरोबरच्या सामायिक खोलीतला, एक बेड साधारण ८०० ते १२०० रुपयांना पडतो. वर ५ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५च्या कपातीआधी तो १२ टक्के होता. ९०० रुपयांनी तिघांचे २७००, करासकट २८३५. तेवढ्या पैशांत त्याच गल्लीत एसी खोली मिळते, वर एक जादा गादी टाकून मिळते आणि बाथरूम स्वतःचं. पावसाळ्यात हाच बेड ४००-६०० वर उतरतो. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात दर दुप्पट-तिप्पट होतो आणि बऱ्याच ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक केलेल्या मंडळींनी जुना हिशोब घरी ठेवून यावं. तिथे रात्री बोर्नव्हिटा पाजून दहाला दिवे घालवायचे. २०१३ साली जोधपूरला झॉस्टेल निघालं आणि त्यानंतर देशभर पसरलेल्या नव्या हॉस्टेलांचा दिवसच संध्याकाळी सातला सुरू होतो.

पहिला कस लागतो पोहोचल्यावर. पुण्या-मुंबईहून निघालेली रात्रीची बस सकाळी सहा-सातच्या सुमारास म्हापशाला उतरवते आणि हॉस्टेलचं चेक-इन दुपारी एक किंवा दोनला असतं. हे सहा-सात तास कुठे काढायचे, हे बुकिंग करतानाच फोनवर विचारून घ्यावं. नेमके तीन प्रश्न: सामान ठेवायला कुलपाची खोली आहे की रिसेप्शनच्या मागे ढीग? खाली अंघोळीची वेगळी सोय आहे का? बेड सकाळीच रिकामा असला तर लवकर देता का, आणि त्याचे किती घेता? चांगली हॉस्टेलं पहिल्या दोन गोष्टी फुकट देतात. तिसरीचे पैसे घेतले तर गैर काही नाही, पण आकडा आधी सांगायला हवा.

ट्रेनने आलात तर उतरायचं थिवीला, मडगावला नाही. थिवीहून म्हापसा आणि म्हापशाहून हणजूण-वागातोर अशी बस मिळते. भाडं किरकोळ, पण रात्री बस मिळेल असं धरून चालू नका. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स हे ॲप आहे, नाहीतर स्थानिक टॅक्सी आणि तिचा स्थानिक दर. मोपा विमानतळावरून टॅक्सीला हॉस्टेलच्या एका रात्रीपेक्षा जास्त पैसे जातात, हे स्वस्तात राहण्याचं गणित मांडताना विसरलं जातं.

ओळखपत्र म्हणून आधार, लायसन्स किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड घेत नाहीत, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते चालतं. परदेशी पासपोर्टवर आलेल्या पाहुण्यांची नोंद हॉस्टेलला २४ तासांत सरकारकडे करावी लागते. त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले मराठी भाऊबंद काउंटरवर पंधरा मिनिटं अडकले तर तो रिसेप्शनिस्टचा आळस नव्हे. स्थानिक पत्त्याच्या पाहुण्याला डॉर्म न देण्याचा नियम अनेक हॉस्टेलांत आहे, म्हणजे गोव्याचं आधार असेल तर आधी विचारा. अठरा वर्षांखालच्यांना डॉर्म बहुतेक ठिकाणी बंद.

आता बेड. सहा जणांच्या डॉर्ममध्ये तीन बंक (एकावर एक असे दोन बेड) असतात आणि सहाही बेडचा दर एकच असतो, पण सहा बेड सारखे नसतात. दाराजवळचा खालचा बेड सगळ्यांत वाईट: येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का, कॉरिडॉरचा उजेड आणि बाथरूमचं दार, तिन्ही तिथेच. एसीच्या समोरचा वरचा बेड दुसऱ्या नंबरचा वाईट, कारण रात्रभर झोत थेट डोक्यावर. त्याच्या उलट गंमत खालच्या बेडची. पडदा लावला की गार हवा आत येतच नाही. मग माणूस पडदा उघडा टाकतो, आणि ज्या आडोशासाठी पैसे मोजले तो जातो. म्हणूनच प्रत्येक बेडला छोटा पंखा असलेलं हॉस्टेल शंभर रुपये जास्त घेत असलं तरी तेच घ्यावं. फोटोत पंखा दिसतो का, हे झूम करून बघण्यासारखं आहे. भिंतीकडचा, एसीपासून तिरक्यात असलेला खालचा बेड मिळाला तर उत्तम. बुकिंगमध्ये बेड नंबर मिळत नाही, पण चेक-इनला नम्रपणे मागितला तर बरेचदा देतात. दुपारी एकला पोहोचणाऱ्याला हा फायदा असतो. रात्री दहाला येणाऱ्याला उरलेला.

बंकचे दोन प्रकार. लोखंडी पाइपचा बंक महिन्या-दोन महिन्यांत कुरकुरायला लागतो, कारण सांध्यांचे नट ढिले होतात आणि ते आवळण्याचं काम कुणाच्याच यादीत नसतं. वरच्याने कूस बदलली की खालच्याला कळतं. शिडीच्या गोल पाइपच्या पायऱ्या अनवाणी पायाला टोचतात, ते वेगळंच. प्लायवूडचा, तीन बाजूंनी बंद असलेला पॉड प्रकार आवाज करत नाही. मात्र त्याच्या फटी ढेकणांना प्रिय. सहा फुटांच्या माणसाने पॉड घेताना विचार करावा, कारण पायाकडची फळी बंद असते आणि गादी जेमतेम सव्वासहा फूट.

सामान बेडवर टाकण्याआधी दोन मिनिटं द्या. मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या चारही कडांची शिलाई उचलून बघायची, मग डोक्याकडच्या फळीचा सांधा, मग पडद्याच्या वरची घडी. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत; चादर पांढरीशुभ्र असली तरी. त्याच खोलीतला दुसरा बेड घेऊन भागत नाही, खोलीच बदलून मागायची. आणि पाठपिशवी गादीवर ठेवायची नाही, लॉकरमध्ये किंवा हुकाला. संशय असेल तर घरी आल्यावर कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, थंड पाण्याने ढेकूण मरत नाहीत.

लॉकर बहुतेक ठिकाणी फुकट, कुलूप तुमचं. इथे मजेदार घोळ होतो. सुटकेसचं चिमुकलं नंबरचं कुलूप लॉकरच्या कडीत बसतं, पण हाताने पिरगाळलं तरी तुटेल असं असतं. घरच्या गेटचं दणकट कुलूप आणलं तर त्याची दांडी भोकात शिरत नाही. चाळीस मिलिमीटरचं साधं कुलूप मधला मार्ग. हार्डवेअरच्या दुकानात दीड-दोनशेला मिळतं, काउंटरवर तेच जास्त भावाने विकतात. बेडखालच्या खणात ट्रॉली बॅग सपाट मावते. उभ्या स्टीलच्या लॉकरमध्ये मावत नाही, तिथे पन्नास-साठ लिटरची पाठपिशवीच बरी. चोरीची जबाबदारी हॉस्टेल घेत नाही, तसं नियमांत लिहिलेलं असतं, आणि कॅमेरे कॉरिडॉर व कॉमन एरियातच असतात. त्यामुळे पाकीट, पासपोर्ट, लॅपटॉप हे अंघोळीला जातानासुद्धा लॉकरमध्ये.

चार्जिंगचा पॉइंट बेडजवळ आहे एवढं पुरेसं नाही. काही ठिकाणी फक्त यूएसबी असतं, ते ढिलं झालेलं आणि हळू चार्ज करणारं. वरच्या बंकवर तीन पिनचा जड अडॅप्टर लावला की स्वतःच्या वजनाने निखळतो. दोन मीटरची केबल आणि एक छोटं मल्टिप्लग बरोबर असलं की वाद मिटतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही. जनरेटर आहे का, हा प्रश्न मे महिन्यात जाणाऱ्याने जरूर विचारावा.

आता मुख्य गोष्ट, झोप. उघड्यावर मोठ्या आवाजात गाणी लावायला रात्री दहानंतर कायद्याने बंदी आहे, आणि हॉस्टेलवाले शेजाऱ्यांच्या तक्रारीला घाबरून ती बऱ्यापैकी पाळतात. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, दहानंतर शांतता. खरी रात्र अशी असते: दहाला कॉमन एरियातलं संगीत बंद, साडेदहा-अकराला सगळी टोळी वागातोरच्या क्लबांकडे, अकरा ते दोन डॉर्म चक्क रिकामा आणि निवांत. मग तीनच्या सुमारास परतीची लाट. दाराचं कार्ड लागत नाही, कुणीतरी ट्यूबलाइट लावतं, चपला शोधल्या जातात, अर्धवट कुजबुज चालते. ती संपते तोवर पाच वाजता सकाळच्या विमानवाल्याचा अलार्म होतो आणि तो प्लास्टिकच्या पिशव्यांत कपडे भरायला बसतो. डॉर्ममधला सर्वांत क्रूर आवाज घोरण्याचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा आहे. घोरण्याची सवय होते.

यावर उपाय हॉस्टेलच्या बांधणीत असतो. डॉर्म कॉमन एरियाच्या डोक्यावर आहे की मागच्या इमारतीत? कॉरिडॉरचे दिवे सेन्सरचे आहेत का? डॉर्मचं दार आपटतं की हळू मिटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोटोत मिळत नाही, पाहुण्यांच्या शेऱ्यांत मिळतं; तिथे ‘झोप’ आणि ‘आवाज’ एवढेच शब्द शोधले तरी पुरतं. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांत उघडलेली हॉस्टेलं दिसायला देखणी असतात, पण मंगलोरी कौलांखाली लाकडी जिना आणि फळ्यांची जमीन असेल तर वरच्या मजल्यावरचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू येतं. आवाजाच्या बाबतीत नवी काँक्रीटची इमारत बरी. फोमचे इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी, दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत. या खर्चाला पर्याय नाही.

बाथरूममध्ये तीन गोष्टी बघाव्यात. गरम पाणी, हुक आणि जाळी. पंधरा लिटरचा गीझर साठ अंशांवर पूर्ण तापलेला असला तर त्यात गार पाणी मिसळून साधारण चाळीस लिटर कोमट पाणी होतं, म्हणजे शॉवरखाली पाच मिनिटं. पुढच्याला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. सहा जणांत एकच बाथरूम असेल तर चेक-आउटच्या तासाभरात रांग लागणारच, नऊच्या आधी उरकून घ्या. हुक कमीत कमी तीन हवेत: टॉवेल, कपडे, पिशवी. आणि जाळी, कारण किनाऱ्यावरची वाळू आणि केस मिळून ती तुंबवतात, मग घोटाभर पाण्यात उभं राहून अंघोळ. गेटपाशी पाय धुवायला नळ ठेवणारं हॉस्टेल हुशार समजावं. बादली-मग सगळीकडे नसतो, हवाच असेल तर मागून घ्यावा लागतो. टॉवेल भाड्याने मिळतो, पन्नास ते शंभर रुपये. त्यापेक्षा घरचा पातळ पंचा न्या. जाड टर्किश टॉवेल गोव्याच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि सगळ्या डॉर्मला त्याचा वास येतो.

सोबतीचा माल कसा असतो, ते हॉस्टेलच्या मालकापेक्षा तिथल्या स्वयंसेवकांवर ठरतं. ही विशीतली मुलं-मुली रोज चार-पाच तास काम करून फुकट राहतात आणि तीन-चार आठवड्यांनी बदलतात. एखादा चांगला असला की संध्याकाळी अनोळखी पंधरा माणसं उनो खेळत बसतात. तो गेला की तीच माणसं त्याच सोफ्यांवर मोबाइल चोळतात. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा ‘काय भारी वातावरण!’ हा शेरा आज कामाचा नाही. गेल्या महिन्याभरातले शेरे काढून वाचा. चेक-इनला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतात, तिथे दिवसाचा कार्यक्रम येतो: सूर्यास्ताला शापोरा किल्ला, बुधवारी हणजूणचा बाजार, रात्री कॅराओके. किल्ल्यावर पायी नेणं वगैरे बहुधा फुकट असतं. पब क्रॉलचे, म्हणजे एका रात्रीत टोळीने पबमागून पब फिरण्याचे, पैसे वेगळे; त्यात नेमकं काय धरलंय, प्रवेश की पेय की नुसती सोबत, हे पैसे देण्याआधी विचारावं. बरेचदा नुसती सोबतच असते. गोव्यात दारूसाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि बाहेरची बाटली हॉस्टेलात आणायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. कारण उघड आहे: बेडच्या दरात फारसं सुटत नाही, कॅफे आणि बारवर घर चालतं.

मितभाषी माणसाचं काय? त्याने लाजायचं कारण नाही. सातच्या सुमाराला कॉमन एरियात जाऊन बसणं एवढंच करायचं. खोलीत पडदा ओढून बसलात तर कुणी बोलवायला येत नाही. बोलणं हिंदी-इंग्रजीत सुरू होतं, आणि लाँग वीकेंड असेल तर दहा मिनिटांत कुणीतरी ‘पुण्यात कुठे?’ विचारतोच. त्या वीकेंडला धोका एकच, आठ-दहा जणांचा एकगठ्ठा ग्रुप. ऑफिसची अशी टोळी एकाच डॉर्ममध्ये आली की उरलेल्या दोघांनी गाशा गुंडाळावा. काही हॉस्टेलं चार-सहाच्या वरचे ग्रुप घेत नाहीत, किंवा त्यांना वेगळी खोली देतात. फोन करून ‘ग्रुपचा नियम काय आहे?’ विचारा. नियमच नाही असं उत्तर आलं तर शुक्रवार-शनिवार टाळा.

मुलींच्या डॉर्मचा दर मिश्र डॉर्मपेक्षा थोडा जास्त असतो आणि सहसा तो वसूल होतो. पण पाटी बघून थांबू नये. बाथरूम डॉर्मच्या आतच आहे का, की ओल्या केसांनी कॉरिडॉर ओलांडून जायचं? दार कार्डने उघडतं का, आणि ते कार्ड फक्त त्याच खोलीच्या मुलींकडे असतं का? सफाईला पुरुष येतो की बाई, आणि दार वाजवून येतो का? रात्री रिसेप्शनवर कुणी जागं असतं का? चारांपैकी शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. रात्री अकराला काउंटर बंद करून ‘काही लागलं तर फोन करा’ म्हणणारं हॉस्टेल मुलींच्या डॉर्मचे जादा पैसे कशाचे घेतं, असा प्रश्न पडतो.

लॅपटॉप घेऊन कामाला जाणाऱ्यांसाठी हॉस्टेल अर्धवट सोयीचं. वायफायचा राउटर कॉमन एरियात असतो आणि चिऱ्याच्या जाड भिंतींमागे डॉर्ममध्ये सिग्नल मरतो. स्पीडचा स्क्रीनशॉट मागवायचा तर बेडवरून काढलेला मागवा. त्याहून मोठी अडचण मीटिंगची. बोलायला बंद दाराची जागाच नसते. मागे कुणीतरी टेबल टेनिस खेळत असतं. काचेचं छोटं केबिन असलेली हॉस्टेलं आहेत थोडी, ती शोधावीत.

खाणं हॉस्टेलात दोनदाच: पोहोचल्या दिवशी आणि पावसात अडकलात तर. मॅगी आणि चहाला दोनशेच्या आसपास मोजण्यापेक्षा सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की गेटवर जाऊन गरम पाव घ्यावा; संध्याकाळी रोस ऑम्लेटचा (रस्सा घातलेल्या ऑम्लेटचा) गाडा. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर असेल असं धरू नका, या पट्ट्यात ते क्वचितच असतं.

स्कूटर हॉस्टेलमार्फत मिळते, दिवसाला तीनशे ते पाचशे, सीझनला त्याहून जास्त. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी, पोलिसांनी अडवलं तर त्रास तुम्हाला. चारी बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा आणि पेट्रोलचा काटा बघा, तो हमखास तळाला असतो.

पावसाळ्याबद्दल एक शब्द, कारण दर बघून मोह होतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक उठलेले असतात, समुद्रात उतरणं धोक्याचं, आणि साठ बेडच्या हॉस्टेलात दहा माणसं. सोशल म्हणावं असं काही उरत नाही, पण झोप मस्त लागते. गाद्यांना दमट वास येतो. एसी ‘ड्राय’ मोडवर दोन तास चालवला की फरक पडतो.

निघायच्या दिवशी चेक-आउट दहा किंवा अकराला आणि परतीची बस संध्याकाळी. सामान ठेवून घेतात, बहुधा फुकट. जाताना अंघोळ करू देतात का, ते सकाळीच विचारून ठेवा. काही ठिकाणी चेक-आउट झालं की कार्ड बंद होतं आणि वरचं बाथरूमही. कार्ड हरवलं तर दोनशे-पाचशे कापतात. डिपॉझिट यूपीआयने दिलं असेल तर तिथेच उभं राहून परत घ्या, ‘संध्याकाळपर्यंत टाकतो’ म्हणणारी शिफ्ट तीनला बदलते.